ओळख न दाखवण्याची नोकरी

मला एका जागी बसवत नाही. रिटायर झाल्यापासून जो तो म्हणतो, आता आराम करा. आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे मात्र कुणी सांगत नाही. चहा घेऊन खुर्चीत बसते, घोटभर होतो न होतो तोच उठते. गॅलरीत जाते, गॅस बंद आहे का पाहते, पुन्हा बसते. नवरा पेपरातून डोकं वर न काढता विचारतो, "सिस्टर, राउंड झाला का?" मी पुन्हा गॅलरीत जाते.

घर अमरावतीत आणि नोकरी अकोल्यात, असा जन्म गेला. आमच्याकडे याला अप-डाउन म्हणतात आणि निम्मं वऱ्हाड ते करतं. सकाळची पॅसेंजर, मूर्तिजापूरला भजी, अकोल्याला उतरून रिक्षा, की एका सरकारी दवाखान्याचा मेडिसिनचा बायकांचा वॉर्ड. तिथे मी स्टाफ नर्स होते, शेवटी शेवटी इन्चार्ज. साप चावलेल्या, शुगर वाढलेल्या, दम्यानं धापा टाकणाऱ्या, सगळ्या बाया तिथेच यायच्या. आणि एचआयव्हीच्याही यायच्या. त्यांच्याबद्दल लिहा असं या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग घरभर फिरले आणि हो म्हटलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एचआयव्ही झाला की माणूस त्यानंच मरतो. तसं नसतं. शेताचं कुंपण मोडलं की एरवी रस्त्यानं गुपचूप जाणाऱ्या बकऱ्याही आत शिरतात, तसं ते आहे. विषाणू कुंपण मोडतो, पीक खातं दुसरंच कुणी. कुणाला टीबी होतो, कुणाच्या तोंडात घशापर्यंत पांढरा थर चढतो आणि पाणीही गिळवत नाही, कुणाला ऐन तरुणपणी नागीण उठते. पुस्तकात याला संधिसाधू संसर्ग म्हणतात. नर्सिंगच्या पोरींना मी हा शब्द सांगितला की त्या खुसुखुसु हसायच्या, त्यांना निवडणुकीतले पुढारी आठवायचे. मीही हसायचे. मात्र गोळ्या वेळेवर आणि रोज घेतल्या तर कुंपण पुन्हा उभं राहतं, माणूस म्हातारा होऊन मरतो. सगळा प्रश्न त्या 'रोज'चा आहे.

कारण गोळ्या दवाखान्यातून आणाव्या लागतात आणि दवाखान्यात ओळखीचं माणूस भेटतं. यावर आमच्या लोकांनी स्वतःच तोडगा काढला. अकोल्याच्यांनी अमरावतीला जायचं आणि अमरावतीच्यांनी अकोल्याला यायचं. कुणी ठरवून दिलेलं नाही, आपोआप पडलेली वहिवाट आहे. माझ्या गाडीत मी हे रोज बघायचे. एकदा अकोल्यातले एक वकील तोंडाला रुमाल बांधून अमरावतीच्या रांगेत उभे होते, तर पुढचा रुमालवाला त्यांच्याच गल्लीतला निघाला. दोघंही म्हणाले, "एका डॉक्टर मित्राले भेटाले आलतो." मग दोघं बाहेर जाऊन चहा प्याले आणि पुढच्या खेपेपासून सोबत यायला लागले. हे मला त्यांच्यापैकीच एकानं हसत हसत सांगितलं.

आमच्या नोकरीचा एक नियम कुठल्या भिंतीवर लावलेला नसतो. वॉर्डाबाहेर पेशंट दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही. त्यानं दाखवली तर ठीक, नाही तर आपण त्याला जन्मात पाहिलेलं नाही. जिची मी उलटी पुसली, जिचे केस विंचरले, ती बाजारात समोरून येते आणि मी भेंडीचा भाव विचारत उभी राहते. सुरुवातीला जीव तुटायचा. मग सवय झाली. पण एकदा या नियमानं मला असं पेचात पकडलं की त्याची आठवण आली तरी मी अजून उठून उभी राहते.

तिला कुंदा म्हणू. नाव बदललं आहे, गावही बदललं आहे, कुणी शोधत बसू नये. तिला तिच्या भावानं आणलं तेव्हा ती दोन्ही हातांनी डोकं धरून, डोळे घट्ट मिटून बसली होती. उजेड सहन होत नव्हता.

"सिस्टर, डोकं फुटून राहिलं जी," एवढंच ती म्हणायची.

दोघं नवरा-बायको एचआयव्हीचे होते आणि अमरावतीहून गोळ्या आणायचे. कुणाकडून कुणाला आला, हे मी नोकरीत कधी कुणाला विचारलं नाही, तिलाही विचारलं नाही. मी विचारलं ते एवढंच, "गोळ्या रोज घेतेस न?"

"घेतो न जी. रोज."

तिच्या पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच मणक्यात खाली उतरलेलं असतं, ते बारीक सुईनं काढता येतं. लॅबमध्ये त्यात काळ्या शाईचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून बघतात. कुंदाच्या पाण्यात गोल गोल दाणे दिसले आणि प्रत्येकाभोवती पांढरी कडी. ही मेंदूत शिरलेली बुरशी होती. मातीत, कबुतरांच्या विष्ठेत ती असतेच, तुमच्याआमच्या नाकातही जाते आणि आपलं शरीर तिला हाकलून देतं. कुंदाचं शरीर ते करू शकत नव्हतं. रोज गोळ्या घेणाऱ्या बाईचं कुंपण इतकं कसं मोडलं, हे आम्हाला कळेना.

या आजारात डोक्यातला दाब वाढत जातो. बुरशीवर सलाईनमधून औषध चालतं, ते दिलं की पेशंट थंडीनं असा कुडकुडतो की पलंग हलतो. पण त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाठीतलं पाणी पुन्हा पुन्हा काढून तो दाब उतरवणं. ते केलं की तासाभरात माणूस उठून जेवायला मागतो. आणि आमच्याकडे नेमकी याचीच भीती. "पाठीतलं पानी काढलं अन् आमची बुढी गेली," हे मी किती तोंडांतून ऐकलं. अहो, पाणी उशिरा काढू दिलं म्हणून बुढी गेली. पातूरकडच्या एका माणसानं तर सुई पाहिली आणि बायकोला उचलून सरळ रिक्षात घातलं. मी गेटपर्यंत त्याच्याशी भांडत गेले. रिक्षा गेली. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं, पण इथे लिहवत नाही.

कुंदानं मात्र पाणी काढू दिलं. काही दिवसांत डोकेदुखी उतरली, ती भाकरी खायला लागली, शेजारणीच्या लेकराला गाणी म्हणायला लागली. मला बरं वाटलं आणि धाकधूकही वाटायला लागली. अर्ध्या उपचारात बरं वाटणं हा या आजाराचा सगळ्यात वाईट गुण आहे. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या.

वऱ्हाडात महालक्ष्म्या, म्हणजे तुमच्याकडच्या गौरी, जवळ आल्या की बायकांचा वॉर्ड रिकामा होतो. दिवाळीला माणूस एकवेळ दवाखान्यात राहील, महालक्ष्म्यांना नाही. कुंदा घरातली मोठी सून.

"मले तेवढं सोडा जी सिस्टर. मायाबिगर घरात महालक्ष्म्या बसत नाईत. अन् सासूले काय सांगू? तिले वाटते मी माहेरी हाव, मायी माय बिमार हाय म्हणून."

"सासूला खरं सांग."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. पण सोडणार नाही हे ठणकावून सांगितलं. तू गेलीस आणि दाब परत वाढला तर डोळे जातील, जीवही जाईल, अशा शब्दांत सांगितलं. मला गोड बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, हिला जरा चहा पाजून आणतो. दोघं चहाला गेले ते गेलेच. पलंगाजवळ सलाईनचा स्टँड तेवढा उभा. भावाचा फोन बंद.

मी दिवसभर सगळ्यांवर ओरडले. पोरींवर, वॉर्डबॉयवर, फरशी पुसणाऱ्या मावशींवर. आणि घरी निघताना आठवलं की उद्यापासून माझीही रजा आहे. मलाही महालक्ष्म्यांना जायचं होतं.

आमच्या घरी महालक्ष्म्या नाहीत, म्हणून मी दर वर्षी माझ्या नणंदेकडे, विमलताईंकडे तेल्हाऱ्याला जायचे. विमलताईंना मी एक दम देऊन ठेवला होता, की मी नर्स आहे हे कुठे बोलायचं नाही. बोललं की भर पंगतीत लोक जीभ काढून दाखवतात. "सरकारी नोकरीत हाय," एवढंच त्या सांगायच्या. पूजनाच्या दिवशी त्यांच्या शेजारच्या घरी एक सवाष्ण ऐन वेळी आली नाही. शेजारच्या शांताबाई दारात येऊन म्हणाल्या, "विमल, तुयी भावजय पाठवतं का जेवाले?" मी गेले.

उभ्या महालक्ष्म्या, झेंडूच्या माळा, फुलोरा, पुढे धान्याच्या राशी. घर माणसांनी फुललेलं. पाटावर बसले, पुरणपोळी वाढली गेली, मग भाज्या, वडे, आंबील. आणि कढीचं भांडं घेऊन जी सून पंगतीत आली ती कुंदा होती.

तिनं मला पाहिलं. मी मान खाली घातली आणि पोळीवर तूप मागितलं. नियम म्हणजे नियम. आता तिच्या घरात मी तिला ओळखत नाही. मनात म्हटलं, जिवंत आहे, चालते आहे, उद्या विसर्जन झालं की कशीही उचलून नेऊ.

ती वाढत वाढत माझ्यापर्यंत आली. वाकली. आणि कढीची धार वाटीच्या शेजारी पानावर धरली. वाटी कोरडी, कढी पोळीखाली. शांताबाई पंगतीच्या टोकाशी उभ्या होत्या, त्यांनी तिथूनच म्हटलं, "कुंदे, तुयं ध्यान कुठं हाय वं? सकायपासून हेच करून राहिली."

बाकीच्या बाया हसल्या. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती वेंधळी नव्हती. तिला दोन वाट्या दिसत होत्या आणि ती खोट्या वाटीत वाढत होती. डोक्यातला दाब वाढला की डोळा वळवणारी नस दबते आणि एकाचे दोन दिसायला लागतात. त्यानंतर माणूस उद्यापर्यंत थांबेल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. मला तिथल्या तिथे उठून तिला खांद्यावर टाकावंसं वाटत होतं. आणि मी भजी खात होते.

जेवण कसं आटोपलं मला माहीत नाही. हात धुवायला मागच्या अंगणात गेले. सुनेनं सवाष्णीच्या हातावर पाणी घालायचं असतं, म्हणून तांब्या घेऊन ती मागे आली. पहिली धार माझ्या हातावर पडलीच नाही, शेजारी पडली.

"ओळख नका दाखवू सिस्टर," ती हळूच म्हणाली. "पाया पडतो तुमच्या."

"नाही दाखवत. मी किती दिसून राहिले तुला? एक का दोन?"

तिनं तांब्या पुन्हा कलता केला. मग म्हणाली, "दोन."

"आत्ता चल."

"उद्या विसर्जन झालं की येतो. देवीची आण. आज घर सोडलं तं साऱ्या गावाले कयते. माया नवऱ्याचं बी कयते. लहान्या नंदीचं लगन ठरून राहिलं जी सिस्टर."

मागच्या दारात कुणाची तरी सावली हलली. मी मोठ्यानं म्हणाले, "पुरण छान झालं हं बाई," आणि पदराला हात पुसत आत आले.

आत येईपर्यंत माझं डोकं गिरणीसारखं फिरत होतं. ही आजारी दिसते, दवाखान्यात न्या, असं सरळ सांगावं? म्हणजे मग घरातली चार माणसं सोबत येणार, गावातल्या डॉक्टरकडे आधी नेणार, पित्ताची गोळी देणार, रात्र जाणार. आणि मला कसं कळलं, असं विमलताईंना कुणी विचारलं तर त्या भाबडेपणानं सांगणार, अवं, ते अकोल्याले नर्स हाय न, एचआयव्हीच्या बाया येतात त्या वॉर्डात. मग शेजारपाजार दोनाला दोन जोडणार. ओटी भरायला मला पाटावर बसवलं. शांताबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि मी छातीवर हात ठेवून बाजूला कलंडले.

जन्मात कधी नाटकात काम केलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत इतक्या जणींना कोसळताना पाहिलं होतं, ते कामाला आलं. "छातीत धडधड होतेय," म्हटलं, "घाम फुटलाय." घाम तर खरोखरच फुटला होता. एकच गलका झाला. कुणी कांदा आणला, कुणी पंखा. विमलताई धावत आल्या आणि रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "अकोल्याला न्या. माझे कागद तिथेच आहेत." आता कुंदाला सोबत कसं मागायचं, याची जुळवाजुळव मनात करत होते. भर पूजनाच्या दिवशी मोठी सून कोण सोडेल?

शांताबाईच म्हणाल्या, "विमल, तुया घरी बी महालक्ष्म्या हायेत, तू नोको जाऊ. आमच्या पाटावरची सवाष्ण हाय, आमीच पाठवतो. कुंदे, तू जाय बाईसंगं. गाडी तुया नवऱ्याले काढाले सांग."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मी कण्हले. गाडीत बसवताना शांताबाईंनी कुंदाच्या हातात कापडाची पिशवी दिली. आत दोन लुगडी, टॉवेल आणि फणी होती. मला पोचवून परत यायचं तर लुगडी कशाला, असं मला त्या गडबडीतही वाटून गेलं. मग म्हटलं, जुन्या बायकांची सवय असते.

गाव सुटलं आणि आम्ही जागा बदलल्या. मी ताठ बसले आणि कुंदाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या नवऱ्यानं आरशातून पाहिलं आणि गाडी दामटली. त्याला मी कोण हे तिनं दोन शब्दांत सांगितलं. रस्ता कसला, नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची. अर्ध्या वाटेत तिला उलटी झाली, मग ती शांत पडली, आणि ते शांत पडणं मला अजिबात आवडलं नाही. मी तिला बोलतं ठेवायला लागले. काहीही विचारत होते. मग रागच आला आणि म्हणाले, "खरं सांग, रोज गोळ्या घेत होतीस तर हे झालं कसं?"

तिनं तोंड माझ्या पदरात लपवलं. पुढून नवरा बोलला.

"अर्ध्याअर्ध्या केल्या जी आमी. एक दिवस तिनं घेतली, एक दिवस मी."

मग त्यानं सांगितलं. महिन्याच्या महिन्याला अमरावतीला जायला कुंदाला घरी काहीतरी निमित्त लागायचं. तिनं तिथल्या अंबादेवीचा नवस काढला. दर महिन्याला ओटी भरायची, असं सांगून निघायची, ओटी भरायची आणि तिथून गोळ्या आणायची. सगळं छान चाललं होतं. मग शांताबाई म्हणाल्या, मीही येते देवीला. आल्या. दर महिन्याला यायला लागल्या. सून जाईल तिथे सासू हात धरून सोबत, देवळातून थेट स्टेशन. नाही कशी म्हणणार, देवीचंच नाव घेतलेलं. कुंदाच्या गोळ्या संपल्या. तिच्या नवऱ्याची खेप वेगळ्या कामानं व्हायची, त्याच्या गोळ्या होत्या, पण तिला न बघता तिच्या कुणी देईना. त्यानं त्याच वाटून घेतल्या.

"मले वाटलं, दोघाईले अर्धं अर्धं तं भेटीन," तो म्हणाला. "एकट्यानं कशा खाऊ जी?"

मला त्याच्यावर चिडायचं होतं. या गोळ्या भाकरीसारख्या वाटून घेता येत नाहीत, अर्ध्या डोसात विषाणू मरत नाही, उलट औषधाला निर्ढावतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि मी कित्येकांना ओरडून सांगितलं होतं. त्या दिवशी मला ओरडता आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि डोळे पुसले. तोही डोळे पुसत होता. मी म्हटलं, "तू समोर बघ बाबा, गाडी चालव."

वॉर्डात पोचलो तेव्हा कुंदा हाक मारल्यावर अडखळत उत्तर देत होती. ड्युटीवरच्या डॉक्टरनं तिला पाहताच सुई मागितली. मी सणाच्या जरीच्या लुगड्यात तिला कुशीवर वळवून धरलं. पाणी थेंब थेंब यायला हवं, ते धार धरून आलं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग आम्ही वाट पाहिली. मी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते, बांगड्या वाजत होत्या, पेशंट बाया म्हणाल्या, सिस्टर, बसा न आता. शेवटी कुंदानं डोळे उघडले आणि म्हणाली, "भूक लागली जी." मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. पूजनाच्या दिवशी साऱ्या गावाला वाढून ती स्वतः उपाशीच होती.

पुढचं सगळं तारांबळीचं. कुंदाला निदान दोन आठवडे तरी ठेवायचं, तर तेल्हाऱ्याच्या लेखी मी आजारी राहणं भाग होतं. तिचा नवरा घरी सांगून आला की अमरावतीच्या बाईंना हृदयाचं निघालं, त्यांच्याजवळ राहायला बाईमाणूस नाही, कुंदा राहते. विमलताईंनी माझ्या नवऱ्याला फोन केला. तो धापा टाकत अकोल्याला आला, तर मी युनिफॉर्ममध्ये इंजेक्शनं भरत होते. मी म्हटलं, विचारू नका काही, ताईंना सांगा मी ॲडमिट आहे. त्यानं सांगितलं. पण तो कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. आजही त्याची अशी समजूत आहे की मी पंगतीत जास्त खाल्लं आणि मग लाज वाटली म्हणून लपवलं.

एकदा तर विमलताई आणि शांताबाई मला बघायलाच आल्या. कुंदाच्या नवऱ्यानं गेटवरून फोन केला म्हणून बरं. मी कुंदाच्या शेजारच्या रिकाम्या पलंगावर गळ्यापर्यंत चादर ओढून पडले. कुंदानं आपली सलाईन बंद करवली, सुईच्या हातावर पदर घेतला आणि माझ्या उशाशी स्टुलावर बसली. विमलताई माझे पाय चेपत राहिल्या. शांताबाईंनी डबा आणला होता, पुरणपोळ्या आणि वेगळा मऊ वरणभात. त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "घाई नोका करू. चांगलं बरं होऊनच जा." नवशिकी नर्स कोपऱ्यात तोंडात रुमाल कोंबून उभी होती. मी नंतर तिला झापलं आणि मग आम्ही दोघी पोट धरून हसलो.

कुंदाची नजर हळूहळू जागेवर आली. बुरशी आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांनी तिच्या एचआयव्हीच्या गोळ्या बदलून सुरू केल्या. त्या लगेच सुरू करता येत नाहीत, कारण शरीरातलं रोगाशी लढणारं सैन्य अचानक जागं झालं तर मेंदूतच मारामारी करतं. नवऱ्याच्याही गोळ्या तपासून बदलाव्या लागल्या. दोघांना मी समोर बसवून सांगितलं, भाकरी वाटून खा, संसार वाटून करा, या गोळ्या नाही. जाताना कुंदानं वॉर्डात माझे पाय धरले. गेटबाहेर पाऊल टाकलं आणि आमची ओळख संपली.

त्यानंतर मी तेल्हाऱ्याच्या महालक्ष्म्यांना गेले नाही. काहीतरी कारण काढायचे. ती गोळ्या घेते की नाही, देवीचं निमित्त पुन्हा तसंच अडलं का, काही कळायला मार्ग नव्हता. विमलताईंना विचारणार कसं? फोनवर मी पावसाचं विचारायचे, कापसाचं विचारायचे, आणि शेजारचं सगळं बरं आहे न, हे अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं. त्या म्हणायच्या, हो, त्यायले काय होते. त्यावर माझं समाधान व्हायचं नाही. रिटायर झाले, तरी हे डोक्यातून गेलं नाही.

आता माझी मुलगी अकोल्यात असते, त्यामुळे अधूनमधून तीच गाडी, तोच प्रवास होतो. मागच्या हिवाळ्यात परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. गाडी सुटता सुटता दोन बाया चढल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. एक म्हातारी आणि तिची सून. कुंदा. गाल भरलेले, हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर ओटीची पिशवी. तिनं मला पाहिलं आणि शांतपणे खिडकीबाहेर बघायला लागली. मी मनात म्हटलं, शाब्बास. आणि त्यांना जागा व्हावी म्हणून पाय आत ओढून घेतले.

पण शांताबाई मला ओळखणारच. त्यांच्या पाटावर मी पडले होते.

"अवं, तुमी विमलच्या भावजय न?" त्या सरकून जवळ आल्या. "कशा हात जी? आमी चाललो अंबादेवीले. दर महिन्याले जातो."

"दोघी?"

"दोघी. पर माये गुडघे गेले आता. मी देवळातच बसून राह्यतो. हिचं बजारात काही काम असते, ते ते करून येते. किती का टाइम लागो, मी उठत नाई तिथून."

कुंदा बाहेरच बघत होती. मूर्तिजापूर आलं, भजीवाला ओरडत गेला. शांताबाईंनी भजी घेतली, कागद तिघींच्या मधे ठेवला. गाडी हलली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "आता बरं हाय न जी? डोकं तं नाई दुखत? एकाचे दोन तं नाई न दिसत आता?"

मी त्या दिवशी छातीत धडधड म्हटलं होतं. डोक्याचं, डोळ्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. एकाचे दोन हे आम्ही बोललो होतो मागच्या अंगणात, तांब्या कलता धरून, आणि दारात कुणाची तरी सावली होती. मला त्या पिशवीतली लुगडी आठवली, फणी आठवली. कुंदाच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या होत्या. ती वळली नाही, पण तिचे कान माझ्याकडे होते.

"नाही जी," मी म्हटलं. "एकाचं एकच दिसतं. डोकं दुखत नाही. अगदी बरं आहे."

"मंग बरं," शांताबाई म्हणाल्या, आणि भज्यांचा कागद त्यांनी सुनेकडे सरकवला. "खाय वं कुंदे. गोयी घ्याच्या आंधी पोटात काही असू दे."